स्पर्धेच्या प्रिंटसाठी दांडिया बाजारातली लॅब: काम चांगलं, पण सांगून घ्या

वडोदऱ्यातून पक्ष्यांचे फोटो स्पर्धेला पाठवायचे असतील तर ही लॅब उपयोगाची आहे. कागद उत्तम, कापणी सरळ, दर वाजवी. खोट एकच. ऑर्डर देतानाच ‘करेक्शन नको’ असं ठणकावून सांगावं लागतं, नाहीतर मशीनचं ऑटो करेक्शन अख्खा फोटो उजळवतं आणि जवळच्याच वढवाणा तलावावरच्या बगळ्याची पिसं सपाट पांढरी होतात. पिसांतला पोतच गेला, तर त्या फोटोत उरतं काय?

फाइल एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीतल्या जेपेगमध्येच द्या. अ‍ॅडोबी आरजीबी या जास्त रंगांच्या पद्धतीत दिली तर हिरवा रंग मरगळतो. १२×१८ इंचांना ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ३६००×५४०० पिक्सेल लागतात, म्हणजे २४ मेगापिक्सेलच्या फोटोत क्रॉपला जागा फार नाही. निम्मा कापलात की डोळ्याची धार गेलीच. ग्लॉसी कागद दिव्याखाली चमकतो, मंद चमकेचा लस्टर मागा.

काउंटरवर आपुलकीने विचारतात, ‘ही मधली काडी काढून टाकू का?’ ठाम नाही म्हणा. स्पर्धांच्या नेचर विभागात क्रॉप चालतो, काडी पुसलेली चालत नाही. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या स्पर्धेत तर अंतिम टप्प्यात कॅमेऱ्यातली मूळ फाइलच मागतात.