मालिका की सिनेमा? क्लॅप देऊन कंटाळलेल्या सहायकासाठी

सहायक दिग्दर्शक म्हणून तीन-चार वर्षं काढली की हा पेच पडतोच. एपिसोड डिरेक्टर म्हणून डेली सोप मिळतेय ती घ्यावी, की बगलेत स्क्रिप्ट मारून निर्मात्यांचे उंबरे झिजवावेत? मी दोन्हीकडे राबलोय.

आधी पैसा. मालिकेत शूटच्या दिवसांचा हिशेब. चेक हातात पडायला तीन-तीन महिने लागतात, पण एकदा रांग लागली की घरभाडं निघतं. सिनेमात नवख्या दिग्दर्शकाचं मानधन हप्त्यांत, आणि माझा शेवटचा हप्ता अजून 'येतोय'. सरकारी अनुदानाची आशा धरू नका. ते मिळालं तरी निर्मात्याला मिळतं.

हात मात्र मालिकेतच तयार होतो. रोज साधारण बावीस मिनिटांचा भाग द्यायचा असतो. सीन सकाळी मेकअप रूममध्ये येतो, कधी अर्धाच. आधी मास्टर, म्हणजे सगळ्यांना घेऊन अख्खा सीन, मग एकेकाचे क्लोज, मग सासूबाईंच्या एका वाक्यावर दिवाणखान्यातल्या आठही जणांच्या रिअॅक्शन. एकदा मालिकेतल्या काकूंचं काम करणाऱ्या बाईंची तारीखच नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांना त्याच भिंतीपुढे उभं करून क्लोज घेतला. साडी तीच, मंगळसूत्र भलतंच. कुणाच्या लक्षात आलं नाही. मला ते अजून दिसतं. अशी जोडाजोड करता करता कॅमेरा कुठे ठेवायचा हे डोक्याआधी पायांना कळायला लागतं. सिनेमाच्या सेटवर दिवसाचा उजेड जायला आला की हेच कामी येतं.

पण गोष्ट तुमची नसते. ट्रॅक, म्हणजे गोष्ट पुढे कुठे जाणार, ते चॅनेल ठरवतं. गुरुवारी टीआरपी आला की नायिकेची आई अचानक काशीयात्रेला निघते, आणि तुम्ही ते मुकाट शूट करता. सिनेमात कट कुठे मारायचा यावर निदान भांडता तरी येतं. त्यासाठी किती वर्षं थांबावं लागेल, हे मात्र कुणी सांगत नाही. आणि पुढे थिएटरवाले सकाळचा शो देतात, तेव्हा ते भांडण कुठे करायचं?

मालिकेचा शिक्का बसतो म्हणतात. थोडा बसतोच. पण दिग्दर्शक सतीश राजवाडेंनी 2010 मध्ये 'मुंबई-पुणे-मुंबई' हा सिनेमा केला, त्याआधी त्यांची 'असंभव' ही मालिका घराघरांत पोचली होती. 2012 मध्ये ते 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' घेऊन पुन्हा मालिकेत आले. शिक्क्याची भीती मला तरी अर्धी खोटी वाटते.

खरी भीती वेळेची. शूटवरून रात्री अकराला आल्यावर स्क्रिप्ट लिहीन, असं मी चार वर्षं स्वतःला सांगत होतो. बावीस पानं झाली. म्हणून घरात दुसरा पगार नसेल तर मालिका बिनदिक्कत घ्या, पण ती संपल्यावर लगेच दुसरी साइन करू नका. मधले चार महिने पुरतील एवढे पैसे पहिल्या चेकपासून बाजूला टाका.