सेट पूर्ण करायचा की ऑफलोड खेळायचा? तळाच्या रग्बी लीग संघासाठी

ओळीने हरत चाललेल्या संघापुढे आक्रमणाचे दोन रस्ते उरतात. रग्बी लीगमध्ये चेंडू हाती आला की सहा टॅकलपर्यंत, म्हणजे सहा वेळा धरलं जाईपर्यंत, खेळता येतं; तो एक सेट. पाच टॅकल शिस्तीत खेळून लांब किकने प्रतिस्पर्ध्याला कोपऱ्यात कोंडायचं, किंवा टॅकल होताहोताच सहकाऱ्याला पास देऊन, म्हणजे ऑफलोड करून, त्याची बचावाची रांग विस्कटायची. दोन्ही मी वापरून पाहिलेत आणि दोन्हींनी सामने जिंकता येतात.

ऑफलोडचं बळ खरं आहे. २०१३ मध्ये एनआरएल या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधल्या व्यावसायिक लीगच्या विजेत्या ठरलेल्या सिडनी रूस्टर्सचा सनी बिल विल्यम्स दोन-तीन बचावपटू अंगावर घेऊनही चेंडूचा हात मोकळा ठेवायचा. इतके जण एकाला चिकटले की शेजारी भगदाड पडतंच. पण अट कडक आहे. पास देणाऱ्याचा चेंडूचा हात टॅकलरच्या पलीकडे निघालेला हवा आणि सहकारी दीड-दोन मीटरवर, खांद्याजवळ, पूर्ण वेगात हवा.

ऑफलोड हातातून सुटला, नॉक-ऑन झाला (चेंडू हातून पुढे पडला), तर त्याची चर्चा सगळेच करतात. मला खटकतो तो नीट हातात पोहोचलेला ऑफलोड. प्रॉप, म्हणजे पुढच्या फळीतला धिप्पाड फॉरवर्ड, स्वतःच्या ३० मीटरवर अडकतो आणि तीन मीटर मागे उभ्या असलेल्या माणसाला चेंडू देतो. त्याला वेग घ्यायच्या आत तिघे धरतात. कमावलेलं अंतर गेलं, प्ले-द-बॉल (टॅकलनंतर चेंडू पायाने मागे सरकवून खेळ पुन्हा सुरू करणं) संथ झाला, समोरची रांग १० मीटर मागे जाऊन आरामात उभी राहिली. पुढच्या धावा चार-पाच मीटरच्या होतात आणि खेळ चालवणाऱ्या हाफबॅकला पाचव्या टॅकलवर मध्यरेषेऐवजी ३५ मीटरवरून, दबावाखाली किक मारावी लागते. आकडेवारीत मात्र तो ऑफलोड यशस्वी म्हणून नोंदला जातो. हरणाऱ्या संघात हे वारंवार घडतं, कारण फॉरवर्ड दमलेले असतात. स्वतःची धाव संपली की ते चालत परततात आणि आधाराला उशिरा पोहोचतात. माझा कौल सेट पूर्ण करण्याकडे झुकला तो इथे.

सेट पूर्ण करण्यातही शिस्त लागते. पहिल्या दोन धावा मागे उभ्या असलेल्या दोन विंगर आणि फुलबॅकच्या, म्हणजे प्रॉपना श्वास मिळतो. २०२१ ते २०२४ एनआरएलची सलग चार विजेतेपदं मिळवणाऱ्या पेनरिथ संघाच्या खेळाचा पाया असाच होता: मागच्या तिघांच्या जोरकस धावा आणि हाफबॅक नेथन क्लिअरीची किक. तिसरी धाव मध्याकडे. चौथी अशा जागी संपवायची की हाफबॅकला दोन्ही बाजू मोकळ्या मिळतील. किक मारताना तो प्ले-द-बॉलपासून आठ-दहा मीटर मागे असावा, नाहीतर धावून येणारा मार्कर (प्ले-द-बॉलसमोर उभा असलेला बचावपटू) किक अडवतो. किकमागे सगळे एका रेषेत धावले पाहिजेत. एक जण रेंगाळला तर समोरच्या फुलबॅकला तिथूनच वाट मिळते.

या पद्धतीचा दोष म्हणजे गुण कमी मिळतात. त्यावर उपाय ग्रबर, म्हणजे जमिनीलगत घरंगळणारी किक. प्रतिस्पर्ध्याच्या २० मीटरच्या आत, रांगेमागे हलका मारून त्यांच्या खेळाडूला इन-गोलमध्येच (गोल-रेषेमागच्या पट्ट्यात) अडकवायचं, की गोल-लाइन ड्रॉप-आउट होऊन, म्हणजे त्यांना गोल-रेषेवरून किक मारावी लागून, चेंडू बहुधा परत आपल्याकडे येतो. जोर जास्त झाला आणि चेंडू इन-गोलच्या मागे निघून गेला, तर एनआरएलमध्ये समोरच्याला २० मीटरवरून सात टॅकलचा सेट मिळतो. म्हणून सरावात ग्रबरच्या लांबीवर घालवलेला वेळ मी वाया मानत नाही.

तुमचे फॉरवर्ड चपळ असतील, मैदान कोरडं असेल, किंवा शेवटच्या पंधरा मिनिटांत १२ गुणांनी मागे असाल, तर ऑफलोडला नाही म्हणणं कठीण. इंग्लंडच्या उत्तरेत फेब्रुवारीच्या ओल्या मैदानावर मात्र मी तो जवळजवळ बंद ठेवीन. इतर वेळी एका-दोघांनाच मुभा द्यावी: मध्यरेषेच्या पलीकडे, तिसऱ्या टॅकलनंतर, आणि सहकाऱ्याची हाक ऐकू आली तरच.