लॅमिंग्टन रोडवरून आणलेलं होम थिएटर: आठ महिन्यांनंतर

"आवाज वाढव" आणि "अरे, किती तो आवाज" ही दोन्ही वाक्यं आमच्याकडे एकाच मिनिटात, एकाच माणसाकडून यायची. आईकडून. वय 76. संवाद कळत नाहीत म्हणून टीव्ही 45 वर न्यायचा आणि पार्श्वसंगीत अंगावर आलं की धावत 20 वर आणायचा. टीव्ही 55 इंची, पातळ, देखणा. त्याचे स्पीकर मात्र खाली तोंड करून बसवलेले, त्यामुळे आवाज आधी शोकेसच्या फळीवर आपटतो आणि मग आमच्यापर्यंत येतो.

मला होम थिएटर हवं होतं ते सिनेमासाठी, हे कबूल करतो. बायकोपुढे खर्च मांडताना आईचं कारण पुढे केलं. गंमत म्हणजे पैसे वसूल झाले ते त्याच कारणाने.

शनिवारी भाच्याला घेऊन मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, म्हणजे लॅमिंग्टन रोड गाठला. (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, पण ग्रँट रोड स्टेशनबाहेर तसं विचारून बघा.) निघताना आईने विचारलं, "मिनर्व्हाच्या तिथेच ना?" 1975 साली 70 एमएमचा 'शोले' तिने तिथेच पाहिलेला. नाणं उडवलं की लोक खुर्चीखाली वाकून बघायचे, असं ती अजून सांगते. त्या प्रिंटवर सहा ट्रॅकचा स्टिरिओ आवाज होता. म्हणजे आमच्या घरात सराउंड साउंडचा अनुभव सगळ्यात जुना आईचाच.

आता खरेदी. एका जपानी कंपनीचा सगळ्यात खालच्या श्रेणीतला 5.1 रिसीव्हर (टीव्हीचा आवाज घेऊन सगळ्या स्पीकरना वाटून देणारा ॲम्प्लिफायर), 31,500. पुढचे दोन, मधला एक आणि मागचे दोन असा पाच स्पीकरचा संच, 22,000. फक्त खर्ज वाजवणारा आठ इंची सबवूफर, 14,500. एकूण 68,000. 5.1 मधले पाच म्हणजे हे स्पीकर आणि पॉइंट एक म्हणजे सबवूफर, हे मलाही दुकानातच कळलं. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण त्यांच्या माणसाबद्दल पुढे जे लिहिलंय ते बरं नाही.

दुकान स्वतः मात्र उत्तम. गल्ल्यावरच्या काकांनी तासभर ऐकवलं, घाई केली नाही. आमच्या लहानपणी टेपरेकॉर्डरवर '2000 वॉट पीएमपीओ' असं चकचकीत स्टिकर असायचं, आठवतंय? तो आकडा शुद्ध बनवाबनवी. काकांनीच सांगितलं की आरएमएस (सतत देता येणारी खरी ताकद) बघा, आणि तोही किती चॅनल (एका स्पीकरचा आवाज म्हणजे एक चॅनल) चालू असताना मोजलाय ते बारीक अक्षरात वाचा. आमच्या रिसीव्हरचे 70 वॉट दोन चॅनल चालू धरून आहेत, पाचही नाही. दहा बाय चौदाच्या हॉलला तेवढे पुरून उरतात. आठ महिन्यांत निम्म्याच्या वर आवाज नेण्याची वेळ आलेली नाही.

टेम्पोचे 1,800 सांगितले, म्हणून स्पीकर आणि रिसीव्हर बसवणाऱ्या माणसाबरोबर यायचे ठरले आणि सबवूफर आम्हीच उचलला. तेरा किलो. ग्रँट रोडहून स्लो लोकल, दादरचा पूल, मग डोंबिवलीची गाडी, लगेजच्या डब्यात दोन भाजीवाले आणि एक सायकलवाला. एकाने विचारलं, "डीजे का?" भाचा हो म्हणाला. वाचवलेल्या पैशातले 200 डोंबिवली स्टेशनला हमालाला गेले. असो.

तर बसवणारा माणूस. दीड हजार रुपये आणि पस्तीस मिनिटं. पाचही स्पीकर त्याने टीव्हीच्या भिंतीवर ओळीने मांडले, मागचे दोन छताला टेकतील इतके वर. मधला स्पीकर शोकेसच्या वरच्या कप्प्यात, काचेच्या बाहुल्यांशेजारी. बेलला वापरतात तसली बारीक वायर. सबवूफरचा कान पूर्ण पिळलेला. खोक्यात आलेला माइक मी दाखवला तर म्हणाला, "ते लागत नाही, साहेब." मग यूट्यूबवरचा एक ढिंच्याक व्हिडिओ लावला, खिडकीची तावदानं थरथरली आणि तो सही घेऊन गेला. सेवेला पाचपैकी अर्धा तारा, तोही त्याने चपला बाहेर काढल्या म्हणून.

त्या रात्री आम्ही सिनेमा लावला. स्फोट दणदणीत, संवाद विहिरीतून. आई म्हणाली, "आधीचं बरं होतं." अडुसष्ट हजार!

पुढचे दोन रविवार मी रिसीव्हरचं पुस्तक घेऊन बसलो. नवख्यांसाठी लिहितोय, म्हणून जिथे अडलो तेवढंच सांगतो.

पहिली अडचण वायरची. टीव्हीला एचडीएमआयची चार भोकं असतात, पण उलट्या दिशेने, म्हणजे टीव्हीतून रिसीव्हरकडे, आवाज पाठवणारं एकच, त्याच्याशेजारी एआरसी लिहिलेलं असतं. आमची वायर दुसऱ्यातच. ती बदलली, तरी रिसीव्हरच्या पट्टीवर दोनच चॅनल. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'पीसीएम'वर होतं (टीव्ही आवाज स्वतः उलगडून दोनच चॅनलमध्ये देत होता), ते 'पास-थ्रू' (आला तसा पुढे) केल्यावर पट्टीवर डॉल्बी डिजिटल प्लस, म्हणजे सराउंडचा आवाज, उमटलं. दोन बटणांचं काम, पण ते कळेपर्यंत दुपारचं जेवण चार वाजता झालं.

मग उलटसुलट वायरी. उजवा आणि डावा स्पीकर एकत्र वाजले की बोलणारा माणूस नेमका कुठे आहे ते कळत नव्हतं आणि खालचा सूरच नाहीसा. दोन्हींपैकी एकाची लाल-काळी उलटी लागली असणार, पण भिंतीवरच्या केसिंग पट्टीतून आलेल्या त्या वायरीला दोन्ही बाजू सारख्याच पांढऱ्या. यावर जुना उपाय आहे. वायर रिसीव्हरपासून सोडवायची (हे आधी, विसरू नका), स्पीकरची जाळी काढायची आणि दीड व्होल्टचा पेन्सिल सेल वायरीच्या टोकांना क्षणभर टेकवायचा. मुलगी समोर टॉर्च धरून बसली. टक् असा आवाज आला आणि कागदी पडदा आत गेला. सेल फिरवला, पडदा बाहेर आला. बाहेर येतो तेव्हा सेलच्या टोपीला लागलेलं टोक ते प्लस. डाव्या स्पीकरची उलटी होती. सरळ केली आणि आवाज दोन भिंतींवरून उठून टीव्हीच्या बरोबर मध्यावर येऊन बसला. अख्ख्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त आनंद त्या टक्चा झाला.

जागा ठरवायला मुलीच्या कंपासपेटीतला कोनमापक आणि दोरा. बसण्याच्या जागेवरून पुढचे दोन स्पीकर मध्यापासून तीस-तीस अंशांवर, मागचे साधारण एकशेदहावर, म्हणजे कानाच्या किंचित मागे. 'मागचे' म्हणतात म्हणून लोक मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात टांगतात, त्याची गरज नाही. आमचा सोफा भिंतीला चिकटलेला, मागे जागाच नव्हती. तो फूटभर पुढे ओढला (बायको: "आता मागे झाडू कोण मारणार?" मीच मारतो) आणि ते दोन स्पीकर बाजूच्या भिंतींवर, बसल्यावर कानाच्या हातभर वर लावले. वायर बदलून दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची घेतली, 1,900 रुपये. मधला स्पीकर टीव्हीच्या लगेच खाली आणला आणि त्याच्या पुढच्या कडेखाली दोन खोडरबर सारले, म्हणजे तोंड गुडघ्यांकडे न राहता कानांकडे वळलं.

सबवूफरची जागा शोधायची रीत ऐकून तुम्ही हसाल. तो थेट सोफ्यावर, आपल्या बसायच्या जागी ठेवायचा, खर्जाचं काहीतरी लावायचं आणि भिंतीच्या कडेने रांगत फिरायचं. जिथे घुमारा न होता आवाज स्वच्छ येईल ती त्याची जागा. मी रांगत असताना आईने दोनदा विचारलं, "काय हरवलं रे?" जागा निघाली चपलांच्या कपाटाशेजारी. तिथे ठेवल्यावर स्वयंपाकघरातून एक बारीक किणकिण येऊ लागली. फळीवरच्या स्टीलच्या डब्यांपैकी रव्याच्या डब्याचं झाकण. खाली जुनी योगा मॅट चौपदरी घडी करून घातली, कान अर्ध्यावर आणला, झाकण गप्प झालं. खालच्या मजल्यावरच्या काकांना मात्र अजून थोडं ऐकू जातं. खर्ज स्लॅबमधून जायचा तो जातोच. रात्री दहानंतर आम्ही मोठे आवाज दाबणारा नाइट मोड लावतो.

शेवटी तो 'न लागणारा' माइक. सोफ्यावर कानाच्या उंचीला, पुस्तकांच्या चळतीवर. पंखा बंद, सगळे गप्प. रिसीव्हर एकेका स्पीकरमधून आवाज काढून अंतर मोजतो, कारण आवाजाला 34 सेंटिमीटर जायला एक मिलिसेकंद लागतो आणि जवळच्या स्पीकरला तेवढं थांबवून धरावं लागतं. पहिल्यांदा चौथ्या स्पीकरला कुकरची शिट्टी झाली. दुसऱ्यांदा जमलं. सबवूफर आठ फुटांवर असताना रिसीव्हर चौदा दाखवतो, ते बदलायला जाऊ नका. त्याच्या आतल्या सर्किटमुळे होणारा उशीर तो अंतरात धरतो.

आता मूळ मुद्दा. आईच्या मालिका साध्या स्टिरिओत येतात, त्यांना पाच स्पीकरचं काय कौतुक? पण रिसीव्हरमध्ये एक डॉल्बीचा मोड आहे. डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना जे सारखं असतं, म्हणजे बहुतेक वेळा बोलणं, ते तो निवडून मधल्या स्पीकरला देतो. संगीत बाजूला राहतं. मधला तीन डेसिबलने वाढवला. त्या संध्याकाळी आईने रिमोटला हात लावला नाही. अर्ध्या तासाने म्हणाली, "ही बाई एवढं स्पष्ट कधीपासून बोलायला लागली?"

मला कोणी विचारलं तर पुढचे तीन स्पीकर आणि रिसीव्हर आधी घ्या म्हणेन. मागचे दोन सहा महिन्यांनी घेतले तरी चालतं. सिनेमात पाऊस लागला की छान वाटतं, पण महिन्यातून किती वेळा? सबवूफर पुन्हा घेताना अजून लहान घेईन.

एक तक्रार राहिली होती. एप्रिलमध्ये रिसीव्हर आपोआप बंद पडू लागला, रोज संध्याकाळी, तासाभराने. वॉरंटीसाठी कंपनीला फोन लावणारच होतो. मग सहज वर हात ठेवला तर चटका, आणि हाताखाली क्रोशाचा रुमाल. एवढी महागाची वस्तू उघडी काय ठेवायची, म्हणून आईने स्वतः विणून घातलेला, जाळीच्या सगळ्या भोकांवर बरोबर बसणारा. आता तो सबवूफरवर असतो. जोरात काही वाजलं की त्याची झालर हलते.