हॉट योगा की साधा योगवर्ग? पहिल्यांदा जाताना काय निवडावं

टोरांटोत जानेवारीत बाहेर उणे 14 असताना मी पहिल्यांदा हॉट योगाच्या 40 अंशांच्या खोलीत शिरले आणि पहिली दोन मिनिटं माहेरी आल्यासारखं वाटलं. मी अकोल्याची. उन्हाळ्यात 44-45 अंश बघितलेले, त्यामुळे 40 ची भीती नव्हती. विसाव्या मिनिटाला, गरुडासनात, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी मॅटवर बसले. अकोल्याच्या उन्हाळ्यात आम्ही दुपारी बारा ते चार घराबाहेर पडत नव्हतो, हे तेव्हा आठवलं. उकाडा सोसणं वेगळं आणि त्या उकाड्यात नव्वद मिनिटं अंग राबवणं वेगळं.

त्याआधी सहा वर्षं मी अय्यंगार पद्धतीच्या, म्हणजे न तापवलेल्या खोलीतल्या साध्या योगवर्गाला जात होते, अजूनही जाते. हिवाळ्यात आठवड्यातून एकदा हॉट योगालाही जाते. इथल्या मराठी मैत्रिणी आणि आता पुण्या-मुंबईच्या भाच्यासुद्धा विचारतात, "पहिल्यांदाच जायचंय, तर कुठे जाऊ?" फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगितलेलं सगळं इथे सलग मांडते.

आधी नावाचा घोळ

'हॉट योगा' या एका नावाखाली दोन निरनिराळे क्लास चालतात. एक ठरलेल्या क्रमाचा: 26 आसनं, श्वसनाचे 2 प्रकार, नव्वद मिनिटं, खोली साधारण 40.5 अंश सेल्सिअस, आर्द्रता 40 टक्के. पूर्वी याला 'बिक्रम योगा' म्हणायचे, आता बऱ्याच ठिकाणी '26 अँड 2' म्हणतात. दुसरा म्हणजे तापवलेल्या खोलीतला विन्यास किंवा पॉवर योगा. त्यात गरमी जरा कमी, पण गती भराभर, एका आसनातून दुसऱ्यात जाणाऱ्या साखळ्या, आणि क्रम शिक्षकागणिक बदलणारा.

पहिल्यांदा जाणारा माणूस तापमान कमी दिसतं म्हणून दुसरा प्रकार निवडतो. मला ही निवड चुकीची वाटते. ठरलेल्या क्रमात जवळजवळ प्रत्येक आसन दोनदा होतं: पहिल्यांदा शेजारणीकडे बघावं, दुसऱ्यांदा करावं. जवळपास अर्धा क्लास जमिनीवर असतो आणि तिथे दोन आसनांच्या मध्ये छोटं शवासन मिळतं. अधोमुख श्वानासन नाही, शीर्षासन नाही, सर्वांगासन नाही. विन्यासात मात्र घामाने ओल्या तळव्यांवर अंगाचा भार पुन्हापुन्हा येतो, हात मॅटवरून सरकतो आणि मनगट-खांद्यावर ताण पडतो. थांबून समजून घ्यायला उसंत नसते. म्हणून हॉटच करायचं असेल तर पहिल्यांदा 26 आसनांचा.

कोलकाता आणि पुणे

मी ज्या दोन पद्धतींची तुलना करते आहे, त्या दोन्ही आपल्याच शहरांतून बाहेर गेल्या. एक कोलकात्यातली. परमहंस योगानंदांचे धाकटे बंधू बिष्णुचरण घोष व्यायाम आणि योग शिकवत. त्यांचे शिष्य बिक्रम चौधरी यांनी 1970 च्या दशकात हा क्रम अमेरिकेत नेला आणि कोलकात्याचा उकाडा बंद खोलीत आणला. दुसरी पुण्यातली. बी. के. एस. अय्यंगार 1937 मध्ये पुण्यात शिकवायला आले, आणि 1975 मध्ये शिवाजीनगरला त्यांची संस्था उभी राहिली.

चौधरींबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. अनेक स्त्रियांनी त्यांच्यावर लैंगिक अत्याचाराचे आरोप केले, त्यांनी ते नाकारले. 2016 मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्युरीने त्यांच्या माजी कायदेशीर सल्लागार स्त्रीला लाखो डॉलर्सची भरपाई द्यायला लावली. त्याआधी 2015 मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने आसनांच्या क्रमावर कोणाचा स्वामित्वहक्क नसतो असा निकाल दिला होता. त्यामुळे आज बरेच स्टुडिओ त्यांच्याशी संबंध न ठेवता हा क्रम शिकवतात. नाव बदललं त्यामागे हेही आहे.

चूक कोण पकडतं?

माझ्या लेखी निवडीचा खरा मुद्दा गरमी नाहीच, हा आहे. अय्यंगार वर्गात पहिले कित्येक आठवडे उभ्याची आसनं चालतात. त्रिकोणासनात मागच्या पायाची बाहेरची कड उचलली गेली, तर शिक्षिका येऊन तेवढंच सांगते. हात जमिनीला पोचत नसेल तर खाली ठोकळा देते, पाय धरता येत नसेल तर पट्टा, कंबर दुखत असेल तर खुर्ची किंवा भिंतीचे दोर. तिथे घाम फार येत नाही, पण दुसऱ्या दिवशी मांड्या बोलतात.

हॉट योगात शिक्षक सहसा स्वतः आसन करून दाखवत नाही. तो बोलत राहतो आणि तुम्ही समोरच्या आरशात बघून करता. पंचवीस-तीस माणसांत तुमचा वाकलेला गुडघा त्याला दिसेलच असं नाही. त्यात गरम खोलीत स्नायू सैल वाटतात. पश्चिमोत्तानासनात एरवी घोट्यापर्यंत जाणारा हात तळव्यापर्यंत जातो आणि आनंद होतो. मलाही झाला होता. नंतर दोन दिवस मांडीच्या मागे, बसायच्या हाडाजवळ, दुखत राहिलं. थंड खोलीत अंग ज्या जागी 'पुरे' म्हणतं, ती जागा गरमीत उशिरा कळते. ज्यांचे सांधे मुळातच फार लवचीक आहेत त्यांना हा धोका जास्त. म्हणून ज्याने आजवर एकही आसन केलेलं नाही, त्याने निदान दोन-तीन महिने साध्या वर्गात काढावेत असं माझं ठाम मत आहे.

गरमीने नक्की काय मिळतं

स्टुडिओच्या जाहिरातीत 'विषारी द्रव्यं घामावाटे बाहेर पडतात' असं असतं. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. घाम अंग थंड ठेवण्यासाठी येतो. त्यातून पाणी आणि मीठ जातं. क्लासनंतर काट्यावर किलोभर वजन कमी दिसतं तेही पाणीच, जेवणापाण्याबरोबर परत येतं.

अभ्यास काय म्हणतात? टेक्सासमध्ये बैठं जीवन जगणाऱ्या मध्यमवयीन लोकांवर 12 आठवड्यांचा प्रयोग झाला, तो 2018 मध्ये छापून आला. एका गटाने 26 आसनांचा क्रम 40.5 अंशांत केला, दुसऱ्याने तोच क्रम 23 अंशांत. रक्तवाहिन्यांचं काम दोन्ही गटांत सुधारलं. म्हणजे फायदा आसनांचा होता, त्यासाठी गरमी लागली नाही. आणखी एका अमेरिकन पाहणीत 26 आसनांच्या क्लासमध्ये काहींच्या शरीराचं आतलं तापमान 103 फॅरनहाइटच्या वर गेलेलं आढळलं. एरवी घरात इतका ताप आला तर आपण कपाळावर पट्ट्या ठेवतो.

दुसरी बाजूही आहे. 2023 मध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या संशोधकांनी नैराश्य असलेल्या लोकांना आठ आठवडे हॉट योगा करायला दिला आणि त्यांची लक्षणं बरीच कमी झाली. तुलना मात्र प्रतीक्षायादीतल्या लोकांशी होती, साध्या योगाशी नव्हती. माझा अनुभव असा, की टोरांटोत चार वाजता अंधार पडायला लागला की त्या खोलीतले नव्वद मिनिटं मनाला फार आधार देतात. फोन बाहेर, बोलणं बंद, एकच काम. हे सुख मी नाकारणार नाही, आणि थंड देशात राहणाऱ्या, आधीपासून आसनं करणाऱ्या माणसाला मी 'जाऊन बघ' असंच सांगते.

मुंबईच्या भाचीला मी नको म्हटलं. तिच्याकडे मे महिन्यात हवेत इतकी वाफ असते की घाम वाळतच नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. पंखा मंद करून, खिडकी उघडी ठेवून सकाळी सहाला केलेली आसनं तिला पुरेशी आहेत.

यांनी गरम खोलीत जाऊ नये: गरोदर स्त्रिया, हृदयविकार असलेले, पूर्वी उष्माघात झालेले. रक्तदाबाची किंवा लघवी जास्त होण्याची गोळी चालू असेल, मधुमेह असेल, मल्टिपल स्क्लेरोसिस (मज्जासंस्थेचा आजार) असेल, तर आधी डॉक्टरांशी बोलावं. काही मनोविकारांवरच्या आणि ॲलर्जीच्या गोळ्यांनी घाम कमी येतो, तेही विचारून घ्यावं. ताप असताना किंवा आदल्या रात्री दारू झाली असेल तर त्या दिवशी नकोच.

जायचं ठरलंच तर

जेवण दोन-तीन तास आधी, हलकं. पाणी दिवसभर थोडं थोडं प्या, दारात उभं राहून लिटरभर ढोसू नका. सुती कुडता ओला होऊन जड होतो आणि अंगाला चिकटतो, त्यापेक्षा घट्ट, पटकन वाळणारे कपडे बरे. मॅटवर अंथरायला मोठा टॉवेल आणि पुसायला एक छोटा. मॅट मागच्या रांगेत, दाराजवळ टाका. पहिल्या क्लासचं काम एवढंच: खोलीत टिकायचं. चक्कर आली तर बसा, नाकाने श्वास घ्या, नाहीतर शवासनात पडा. काही शिक्षक 'बाहेर जाऊ नका' असं सांगतात. एकदम उठून पळालं तर भोवळ येऊ शकते, म्हणून आधी बसणं योग्यच. पण डोकं ठणकायला लागलं, मळमळलं, किंवा घाम यायचा थांबला, तर कोणाचंही न ऐकता बाहेर पडा.

घरी आल्यावर मी मीठ घातलेलं ताक पिते, ताक नसेल तर लिंबूसरबत. कोकणातली मैत्रीण कोकम सरबत करते. नुसतं पाणी भरमसाट पिण्यापेक्षा हे चांगलं, कारण मीठही गेलेलं असतं. अंगाला उष्णतेची सवय व्हायला आठ-दहा क्लास लागतात, तेव्हा एका क्लासवरून मत बनवू नका आणि वर्षभराचे पैसेही भरू नका. नवीन माणसाला बहुतेक ठिकाणी आठवड्याभराची स्वस्त सवलत मिळते, ती घ्या.

आणि आधी स्टुडिओला फोन करून तीन गोष्टी विचारा: खोली किती अंशांवर असते, क्रम ठरलेला आहे की रोज बदलतो, आणि नवीन माणसाकडे शिक्षक जवळ येऊन बघतात का. तिसऱ्या प्रश्नाला "तुम्ही नुसतं इतरांकडे बघून करा" असं उत्तर आलं, तर मी तिथे पहिला क्लास करणार नाही.