प्रीसेट बाजूला ठेवून हाताने लावलेली ग्राफिक्स सेटिंग्ज: काही महिन्यांच्या वापरानंतर

गेले काही महिने मी एकाही गेमचा तयार प्रीसेट वापरलेला नाही. लो, मीडियम, हाय, अल्ट्रा यांपैकी एक निवडून मोकळं होण्याऐवजी प्रत्येक गेममध्ये एकेक सेटिंग हाताने लावत गेले. मशीन तेच आहे: ८ जीबी मेमरीचं मधल्या फळीतलं ग्राफिक्स कार्ड, सहा कोअरचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि १४४०पी (१४४० ओळींच्या) रेझोल्युशनचा १४४ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा, मॉनिटर. यातला एकही भाग बदलला नाही, तरी चित्र आता जास्त स्वच्छ दिसतं आणि माऊस हलवला की कॅमेरा लगेच सोबत येतो. नवं कार्ड घ्यायच्या विचारात असलेल्यांनी आधी हे करून बघावं, असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात मोजण्यापासून करायची. कोपऱ्यातला एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम (चित्रं) तयार होतात त्याचा, आकडा फक्त सरासरी सांगतो आणि सरासरीत बरंच काही लपतं. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमच्या वाट्याला १६.६७ मिलिसेकंद येतात. आता समजा, एका सेकंदात ५९ फ्रेम प्रत्येकी १५ मिलिसेकंदांत तयार झाल्या आणि एका फ्रेमला ११५ मिलिसेकंद लागले. बेरीज बरोबर एक सेकंद होते, आकडा ६०च दिसतो, पण त्या एका फ्रेमला गेम ठेचकाळलेला सगळ्यांना जाणवतो. म्हणून मी रिवाट्यूनर या मोजमापाच्या प्रोग्राममध्ये फ्रेम टाइमचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळेचा, आलेख लावून ठेवते. रेघ सपाट असेल तर ५५ फ्रेमसुद्धा छान वाटतात आणि रेघ करवतीसारखी दातेरी असेल तर ९० फ्रेमही त्रास देतात. सोबत ‘१ टक्का लो’चा आकडा बघते. सगळ्यात हळू आलेल्या एक टक्का फ्रेमचा वेग त्यात कळतो. सरासरी ९० आणि हा आकडा ३५ असेल, तर आधी हा ३५ वर आणायचा. सरासरी ८० झाली तरी चालेल.

दुसरं काम म्हणजे अडतंय कुठे ते शोधणं. फ्रेमची मर्यादा काढायची, गर्दीच्या जागी उभं राहायचं आणि ग्राफिक्स कार्डाचा वापर बघायचा. तो ९५ टक्क्यांच्या वर असेल तर ओझं कार्डावर आहे. ६०-७० टक्क्यांवर रेंगाळत असेल तर बहुतेक प्रोसेसर मागे पडतोय. यात एक फसवी गोष्ट आहे. प्रोसेसरचा एकूण वापर ४० टक्के दिसला की तो निवांत आहे असं वाटतं, पण गेमचा मुख्य थ्रेड (कामांची मुख्य साखळी) एकाच कोअरवर पूर्ण दमलेला असू शकतो. खात्री करायची तर रेझोल्युशन एकदम खाली आणा. फ्रेम वाढल्याच नाहीत तर अडचण प्रोसेसरची. मग धुकं आणि ढग कितीही कमी केले तरी फार फरक पडणार नाही. तिथे रस्त्यावरच्या माणसांची गर्दी आणि किती दूरच्या वस्तू दिसाव्यात, ही सेटिंग्ज उतरवावी लागतात. ‘सायबरपंक २०७७’मध्ये गर्दीच्या घनतेची वेगळी सेटिंग त्यासाठीच आहे. एखाद्या गेममध्ये तासन् तास सेटिंग्ज बदलून काहीच फरक पडत नसेल, तर या एका चाचणीने कारण कळून जातं.

आता टेक्श्चर, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवलेली चित्रं. माझ्या मते चित्राच्या देखणेपणाला सर्वांत जास्त हातभार यांचा लागतो, आणि कार्डाच्या मेमरीत जागा असेल तोवर वेगावर त्यांचा जवळजवळ परिणाम होत नाही. भिंतीवरचे पोपडे, कपड्यांची वीण, झाडाची साल, सगळं यातच आहे. पण जागा संपली की चित्र पालटतं. मावत नाहीत ती टेक्श्चर संगणकाच्या साध्या रॅममध्ये जातात आणि लागतील तेव्हा पीसीआय एक्सप्रेसमधून, म्हणजे कार्ड संगणकाला जोडणाऱ्या मार्गातून, ओढून आणावी लागतात. कार्डावरच्या मेमरीचा वेग सेकंदाला शेकडो जीबी असतो. पीसीआय एक्सप्रेस ४.०च्या १६ लेनमधून एका दिशेने सेकंदाला जेमतेम ३२ जीबी जातात. ही दरी फ्रेम टाइमच्या आलेखात सुळक्यासारखी दिसते: वळलात की धक्का, दार उघडलं की धक्का. काही गेम तर धक्का न देता गुपचूप पुसट टेक्श्चर दाखवतात, आणि सेटिंग अल्ट्रावर असूनही भिंत चिखलासारखी दिसते. ८ जीबीच्या कार्डावर १४४०पीला अनेक नव्या गेममध्ये अल्ट्रापेक्षा हाय टेक्श्चर प्रत्यक्षात जास्त सुंदर दिसतं, ते यामुळे. शिवाय हा त्रास पहिल्या पाच मिनिटांत कळत नाही. मेमरी हळूहळू भरत जाते, म्हणून टेक्श्चरची पारख निदान तासभर खेळूनच करायची. मागे उघडा राहिलेला ब्राउझरही या मेमरीतला वाटा खातो, तो बंद केलेला बरा.

अॅनायसोट्रॉपिक फिल्टरिंग थेट १६ वर. तिरक्या कोनातून दिसणारी जमीन आणि रस्ता त्याने दूरवर रेखीव राहतो, आणि आजच्या कार्डांना त्याचं ओझं नाममात्र असतं.

वेळ खरा खाणारी सेटिंग्ज वेगळी आहेत. सावल्यांसाठी गेमला प्रकाशाच्या बाजूने सगळं दृश्य पुन्हा रेखाटावं लागतं, त्यामुळे कार्ड आणि प्रोसेसर दोघांवरही भार येतो. अल्ट्रावरून हायवर आणलं की सावलीची कड जराशी मऊ होते, आणि खेळताना मला ती शोधूनही सापडत नाही. व्हॉल्युमेट्रिक धुकं आणि ढग तसेच. हवेतल्या प्रकाशाचा हिशोब लांबी, रुंदी आणि खोली अशा तिन्ही दिशांत करावा लागतो, म्हणून शेवटची पायरी भलतीच महाग पडते. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’सारख्या गेममध्ये, जिथे पहाटेचं धुकं हाच निम्मा जीव आहे, तिथे ते बंद करणं मला पटत नाही. एक-दोन पायऱ्या खाली आणते, एवढंच. स्क्रीन स्पेस रिफ्लेक्शन पडद्यावर जे दिसतंय तेवढ्याचंच प्रतिबिंब दाखवू शकतं. कॅमेरा खाली झुकवला की पाण्यातली इमारत नाहीशी होते, मग सेटिंग कुठलीही ठेवा. त्यासाठी सर्वोच्च पायरीची किंमत मोजावी असं मला कधी वाटलं नाही. अॅम्बिएंट ऑक्लूजन मात्र बंद करू नका. वस्तू जिथे जमिनीला टेकते तिथला काळोख त्यातून येतो. तो गेला की टेबल-खुर्च्या जमिनीवर तरंगल्यासारख्या दिसतात.

मोशन ब्लर (हालचालीतला धूसरपणा), फिल्म ग्रेन (फिल्मसारखे दाणे), क्रोमॅटिक अॅबरेशन (कडांवरची रंगीत छटा) हा आवडीचा प्रश्न. मी तिन्ही बंद ठेवते.

अपस्केलिंगबद्दल, म्हणजे कमी रेझोल्युशनचं चित्र रेखाटून ते मोठं करण्याबद्दल, माझं मत ठाम आहे: १४४०पी किंवा त्यावर क्वालिटी मोड बिनदिक्कत लावा, १०८०पीवर जपून. डीएलएसएस या एनव्हिडियाच्या अपस्केलिंगचा क्वालिटी मोड १४४०पीसाठी आतून ९६० ओळींचं चित्र रेखाटतो, तर १०८०पीसाठी फक्त ७२० ओळींचं. एवढ्या कमी माहितीतून केस, तारा, पानं नीट उभी राहत नाहीत. एफएसआर या एएमडीच्या अपस्केलिंगची २०२१ची पहिली आवृत्ती एकाच फ्रेमवर काम करायची. २०२२च्या दुसऱ्या आवृत्तीपासून ती आधीच्या फ्रेममधली माहितीही वापरते, त्यामुळे नाव तेच असलं तरी सेटिंग्जमध्ये आवृत्ती बघून घ्या. चित्र मऊ वाटलं तर शार्पनिंग थोडं वाढवायचं. जास्त झालं की पानांच्या कडांना पांढरी किनार येते आणि ती एकदा दिसली की नजरेआड होत नाही.

गेम गुळगुळीत वाटण्यात सर्वांत मोठा वाटा फ्रेमच्या मर्यादेचा निघाला. साध्या व्ही-सिंकमध्ये, म्हणजे फ्रेम पडद्याच्या फेरीशी जुळवणाऱ्या सेटिंगमध्ये, ६० हर्ट्झच्या पडद्यावर फ्रेमला १७ मिलिसेकंद लागले तर ती पुढच्या फेरीसाठी थांबते, आणि दुहेरी बफर (फ्रेम ठेवायच्या दोनच जागा) असेल तर वेग थेट ३०वर कोसळतो. जी-सिंक किंवा फ्रीसिंक असलेला मॉनिटर फ्रेमची वाट बघतो, म्हणून हा प्रश्नच उरत नाही. मात्र फ्रेम मॉनिटरच्या मर्यादेच्या आत राहायला हव्यात. १४४ हर्ट्झला मी १४० किंवा त्याहून थोडी खाली मर्यादा ठेवते. जड गेममध्ये तर कार्ड सहज पेलेल तिथेच, म्हणजे ७० किंवा ८०वर. कार्डाला थोडी उसंत राहिली की माऊस हलवल्यावरचा उशीरही कमी होतो, पंखेही शांत राहतात. १२० हर्ट्झचा पडदा असेल तर ४० फ्रेमचा पर्याय जरूर बघा. ४०ला एका फ्रेमचे २५ मिलिसेकंद होतात, म्हणजे ३० आणि ६०च्या वेळेच्या बरोबर मध्ये, आणि प्रत्येक फ्रेम पडद्यावर नेमकी तीनदा दिसते.

मॉनिटर १४४ हर्ट्झचा असला तरी विंडोजमध्ये तो ६०वरच राहिलेला असू शकतो. डिस्प्लेच्या प्रगत सेटिंग्जमध्ये जाऊन एकदा बघून घ्या. एचडीएमआयने जोडल्यावर काळा रंग राखाडी वाटला तर ड्रायव्हरमध्ये रंगांची (आरजीबी) रेंज ‘फुल’ आहे का तेही तपासा.

फ्रेम जनरेशन मी फार कमी वापरते. दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक तयार फ्रेम घालायची म्हणजे दुसरी खरी फ्रेम थोडी रोखून धरावी लागते. मुळात ६०च्या आसपास मिळत असतील तर सावकाश खेळायच्या गेममध्ये ते सुखद वाटतं. मुळात ३० मिळत असतील तर आकडा दुप्पट दिसतो, पण हाताला जाणवणारा जडपणा उलट वाढतो. रे ट्रेसिंग, म्हणजे प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून चित्र रेखाटणं, माझ्या कार्डावर मी जागा बघून निवडते. ओल्या रस्त्यांच्या, काचांच्या शहरात प्रतिबिंबांपुरतं ते ठेवावंसं वाटतं. जंगलात आणि गवतात मी तेच मिलिसेकंद दूरच्या वस्तूंच्या तपशिलावर खर्च करते.

सेटिंग्जने न सुटणारी एक अडचण उरते: शेडर (रंग-प्रकाशाचा हिशोब करणारे छोटे प्रोग्राम) तयार होताना बसणारे धक्के. डायरेक्टएक्स १२ या विंडोजच्या ग्राफिक्स प्रणालीवरच्या कित्येक गेममध्ये नवा परिणाम पहिल्यांदा दिसतो त्या क्षणी त्याचा शेडर तयार होतो आणि खेळ अडखळतो. लो करा की अल्ट्रा, तो धक्का बसतोच. ज्या गेममध्ये सुरुवातीलाच शेडर तयार करून घेण्याची पट्टी येते, तिथे ती शंभर टक्के भरेपर्यंत थांबा, मध्येच खेळ सुरू करू नका. ड्रायव्हर बदलला की जुना साठा बहुधा निकामी होतो आणि हे सगळं पुन्हा होतं, म्हणून एखादा मोठा गेम अर्ध्यावर असताना मी ड्रायव्हरला हात लावत नाही.