फोर-स्ट्रोक आउटबोर्ड घेऊन आठ महिने झाले, तरी जुनं टू-स्ट्रोक विकलं नाही

मालवणजवळ देवबागला आमची 18 फुटी फायबरची होडी आहे. पहाटे गिलनेट, म्हणजे पाण्यात उभी सोडायची जाळी, आणि सीझनमध्ये नऊनंतर कर्ली खाडीत, खाडी समुद्राला मिळते त्या संगमापर्यंत पर्यटकांच्या फेऱ्या. या होडीवर नऊ वर्षं 9.9 हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं पेट्रोलचं मशीन, चालवलं आणि गेल्या ऑक्टोबरपासून तेवढ्याच पॉवरचं फोर-स्ट्रोक चालवतोय. आता मे संपत आला, होडी वर काढली, हाताला वेळ आहे म्हणून सविस्तर लिहितो. रोज किती पेट्रोल घातलं, किती तास मशीन चाललं हे वहीत लिहून ठेवलंय, त्यामुळे हवेत बोलत नाहीये. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला सांगायचंय ते कुठल्याही कंपनीच्या मशीनला लागू आहे.

आधी पेट्रोल, कारण सगळे पहिलं तेच विचारतात. जाळी टाकायच्या दिवशी आमचं मशीन फुल रेसवर फार तर 40-45 मिनिटं चालतं, बाकीचे तीन तास स्लो, जाळी सोडताना नि ओढताना नुसतं घुटमळत. अशा दिवशी टू-स्ट्रोक 9 लिटर प्यायचं, फोर-स्ट्रोकला साडेपाच लागतात. वर टू-स्ट्रोकला लिटरमागे 20 मिली ऑईल मिक्स करावं लागतं, म्हणजे 9 लिटरला 180 मिली, ते वेगळं. सगळं धरून दिवसाला साधारण साडेचारशे रुपये वाचतात, महिन्याला 20 दिवस धंदा धरला तर 9 हजार. मला दोन मशिनांच्या किमतीत 70 हजारांचा फरक पडला होता, तो या एका सीझनमध्ये जवळपास निघाला.

पण हे स्लो चालवणाऱ्याचं गणित आहे, हे लक्षात घ्या. ज्या दिवशी डॉल्फिन बघायला बाहेर नेतो आणि जाता-येता फुल रेस असते त्या दिवशी तासाला टू-स्ट्रोक साडेचार-पाच लिटर आणि हे चारच्या आसपास, एवढाच फरक. कारण साधं आहे, टू-स्ट्रोकमध्ये नवीन पेट्रोल आत येतं तेव्हाच जळलेला धूर बाहेर जात असतो, दोन्ही वाटा एकदम उघड्या, त्यामुळे थोडं पेट्रोल न जळताच बाहेर पडतं आणि स्लोवर हे जास्त होतं. पाण्यावर रंगीबेरंगी तवंग दिसतो ना, तो तोच. अमेरिका-युरोपात कार्ब्युरेटरवाली टू-स्ट्रोक नवीन मिळणं जवळपास बंद झालंय ते यामुळेच, आपल्याकडे अजून मिळतात. स्लोवर तासन्‌तास चालवलं की प्लग काळे पडून मशीन मिस मारायचं तेही वेगळं, मी खिशात दोन प्लग आणि पाना घेऊनच फिरायचो, या आठ महिन्यांत प्लग पाण्यावर एकदाही काढला नाही.

आवाजाबद्दल लिहायलाच हवं. बाबा 68 वर्षांचे, अजून रोज बरोबर येतात आणि मागे मशीनजवळ बसतात. पहिल्या दिवशी जाळी ओढताना मशीन न्यूट्रलला ठेवलं तर बाबा मागे वळून विचारतात, "बंद पडला काय रे?" मी म्हटलं, "नाय बाबा, चालू हा, धार बघा." मशीन थंड ठेवणारं पाणी मागून धारेने बाहेर पडतं, त्यांनी त्या धारेखाली हात धरून बघितला तेव्हा विश्वास बसला. टू-स्ट्रोक होतं तेव्हा वारा मागून असला की सगळा धूर तोंडावर यायचा, घरी येऊन ते डोकं धरून पडायचे, आई ओरडायची, आणि आम्ही सगळे ते उन्हाने होतं असं समजत होतो. या सीझनला एकदाही तसं झालं नाही. माझ्यासाठी 70 हजार इथेच फिटले, पेट्रोलचा हिशेब नंतरचा. पर्यटकांनाही बरं, मी पुढच्या माणसाला ओरडून न सांगता खाडीतले पक्षी दाखवू शकतो.

आता त्रास. नवीन मशीन जुन्यापेक्षा जवळपास 10 किलो जड आहे. ऐकायला कमी वाटतं पण ओहोटीला मऊ वाळूतून खांद्यावर मशीन घेऊन चाला म्हणजे कळेल. जुनं मी एकटा उचलून घरी आणायचो, याला भाऊ लागतो. होडीची मागची बाजूही थोडी बसते, त्यामुळे पेट्रोलची टाकी आणि बर्फाचा बॉक्स पुढे सरकवावा लागला, नाहीतर नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वर उठते आणि समोरचं दिसत नाही.

दुसरं, पिकअप. टू-स्ट्रोकमध्ये शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्याला ताकद मिळते, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांत एकदा. संगमाच्या तोंडावर वाळूचा भाट आहे, तिथे लाट फुटते, दोन लाटांच्या मधे एकदम रेस देऊन निघावं लागतं. जुनं मशीन हात फिरवला की उसळी मारायचं, हे अर्धा श्वास घेऊन मग उचलतं. पहिले पंधरा दिवस मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. आता सवयीने आधीच रेस धरून ठेवतो, पण भरलेली होडी असेल आणि समुद्र खवळलेला असेल तर आजही जुन्याची आठवण येते.

तिसरं, आडवं ठेवणं. टू-स्ट्रोक आम्ही टेम्पोत कसंही टाकायचो. फोर-स्ट्रोकच्या पोटात ऑईल असतं, ते पुस्तकात सांगितलेल्या एकाच कुशीवर ठेवायचं. डिसेंबरमध्ये मालवणला सर्व्हिसिंगला नेताना घाईत उलट्या कुशीवर ठेवलं, ऑईल सिलेंडरमध्ये गेलं, चालू केल्यावर निळ्या धुराने गॅरेज भरलं. मेकॅनिकने प्लग काढून दोरी ओढून ओढून ऑईल बाहेर काढलं, नुकसान झालं नाही पण अख्खा दिवस गेला. आता कव्हरवर ऑईलपेंटने बाण काढून ठेवलाय.

ऑईल पहिल्यांदा 20 तासांनी बदललं, मग दर 100 तासांनी. आमचे सीझनला साडेसहाशे तास भरले म्हणजे सात वेळा बदललं, हा खर्च पेट्रोलच्या बचतीतून वजा करा. आणि एक गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती, म्हणून ठळक सांगतो. नुसतं स्लो चालवत राहिलात तर मशीन नीट तापत नाही आणि पेट्रोल हळूहळू ऑईलमध्ये उतरतं. जानेवारीत ऑईल मोजायची पट्टी काढून बघतो तर ऑईल कमी व्हायच्या जागी वर चढलेलं आणि पेट्रोलचा वास. तेव्हापासून परतताना दहा-पंधरा मिनिटं फुल चालवतो, परत तसं झालं नाही. ऑईल बघताना मशीन सरळ उभं पाहिजे, तिरकं असताना पट्टी खोटं दाखवते.

सगळ्यात मोठा त्रास झाला कार्ब्युरेटरचा, मार्चमध्ये घरात लग्न होतं म्हणून तीन आठवडे मशीन बंद होतं तेव्हा. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल, ते हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्याकडची हवा म्हणजे मीठ ठेवलं तरी पाणी सुटतं. पाणी टाकीच्या तळाला बसलं, कार्ब्युरेटरमधला बारीक जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं भोक, चोंदला, स्लोला मशीन उभंच राहीना, फुल रेसला ठीक. फोर-स्ट्रोकचे जेट फार बारीक असल्याने हे दुखणं त्याला लवकर लागतं, जुनं मशीन असली घाण बरीच पचवायचं. आता टाकी आणि मशीनच्या मधे पाणी वेगळं करणारा फिल्टर लावलाय आणि दोन दिवसांपेक्षा जास्त बंद ठेवायचं असेल तर पाईप काढून कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत चालवतो. हे टू-स्ट्रोकवाल्यांनीही करा.

गोड्या पाण्याच्या ड्रममध्ये रोज दहा मिनिटं चालवणं, इम्पेलर (थंड करायचं पाणी ओढणारी रबरी चकती) आणि झिंक (गंज स्वतःवर घेणारा जस्ताचा तुकडा) बघणं, पंख्याच्या शाफ्टला गुंडाळलेली तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉन दोरा, काढणं हे दोन्हीला सारखंच. तंगूस राहिली तर सील कापते, पाणी आत जातं आणि गिअर ऑईल दुधाच्या चहासारखं दिसतं, तसं दिसलं की त्याच दिवशी मेकॅनिक गाठा.

जुनं टू-स्ट्रोक विकलेलं नाही. कोणी 35 हजार देत होता, पण पाण्यावर बिघडलं तर मी स्वतः खोलून चालू करू शकतो असं तेच एक मशीन आहे, नव्याला प्लग आणि ऑईलच्या पुढे मी हात लावत नाही. निवतीचा माझा चुलतभाऊ गेल्या आठवड्यात विचारायला आला होता. त्याची होडी लहान, महिन्यातून सात-आठ दिवस समुद्रात जातो, एकटाच असतो आणि मशीन रोज खांद्यावरून चढावर घरी नेतो. त्याला मी टू-स्ट्रोकच घे म्हटलं, माझंच घेऊन जा म्हटलं असतं पण बाबा तयार नाहीत.