दोन राऊटर जोडायचे: तारेनं की हवेतून?

इंदूरला रामबागेतलं मामांचं घर बाहेरून एक दिसतं, पण आत दोन आहेत. पुढचा भाग जुना, दीड फुटी विटांच्या भिंतींचा, वर सागवानी तुळया आणि फळ्यांची पाटणी. मागचा भाग नंतर बांधलेला, सिमेंटचा, आणि त्याच्या स्लॅबवर गच्चीतली खोली. फायबर गल्लीतून आलं, म्हणून त्याचा डबा, म्हणजे मुख्य राऊटर, ओसरीत, दाराच्या डोक्यावर. मामेभाऊ सुपर कॉरिडॉरवरच्या एका कंपनीत आहे, आठवड्यातले तीन दिवस घरून काम करतो आणि बसतो नेमका गच्चीतल्या खोलीत. ओसरीत वेग ९४ एमबीपीएस, गच्चीत ६, तोही वायफायच्या मनात आलं तर. मीटिंगमध्ये त्याचा चेहरा गोठला की मामी खालून ओरडायच्या, "अरे जिन्यात ये, जिन्यात!" जिन्यात रेंज होती.

घरात एक जुना राऊटर पडून होता. तो वर लावून टाकू, असं सगळ्यांनी ठरवलं. "लावून टाकू" म्हणजे नक्की काय, यावर मात्र दोन रविवार गेले. ज्यांच्याकडे असंच घर आणि असाच पडून असलेला राऊटर आहे, त्यांच्यासाठी हा हिशेब.

एक गोष्ट अगोदर. खर्च करण्याआधी डबा हलवता येतो का, ते पाहा. अंतरापेक्षा वायफाय हैराण होतं ते मधल्या वस्तूंमुळे. ओसरीच्या बरोबर वर माडीत रेंज छान होती, कारण मध्ये नुसतं लाकूड. तेवढ्याच अंतरावर आडव्या दिशेला, दोन दीड फुटी भिंतींपलीकडे, स्वयंपाकघरात मात्र बोंब. सळ्यांचा स्लॅब आणखी वाईट, आणि पाण्याची टाकी मध्ये आली तर विचारूच नका. डबा ओसरीतून मधल्या चौकात आला तरी कितीतरी घरांचं काम तिथंच संपतं. मामांकडे चौकात आणूनही गच्चीपर्यंत काही पोचेना, म्हणून पुढचं सगळं.

तार

माझं मत लपवत नाही: तार ओढता येत असेल तर बाकी काही वाचायची गरज नाही. दुसरा राऊटर तारेनं पहिल्याला जोडायचा आणि त्याला फक्त अॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे तारेतून आलेलं नेट नुसतं वायफायनं वाटणारा डबा म्हणून, वागवायचं. मधल्या पुलावर वेग घटत नाही, पावसापाण्याचा आणि शेजाऱ्यांच्या वायफायचा त्या पुलाशी संबंध नाही. कॅट-५ई किंवा कॅट-६ तार १०० मीटरपर्यंत चालते. इंदुरातल्या कुठल्याही घराला तेवढी पुरून उरते.

सेटिंग दहा मिनिटांचं आहे, पण क्रम चुकला की गोंधळ. जुना राऊटर आधी रीसेट करा. एकट्या लॅपटॉपला जोडून त्याचा पत्ता बदला. मुख्य राऊटर १९२.१६८.१.१ वर असेल तर याला १९२.१६८.१.२ द्या. मग वायफायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार मुख्य राऊटरसारखाच ठेवा. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर (बँडवर) चॅनेल मात्र वेगळा हवा: खाली १ असेल तर वर ६ किंवा ११, कारण हे तीनच एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. सगळ्यात शेवटी डीएचसीपी बंद करा आणि तार लॅन पोर्टातून (घरातली उपकरणं जोडायच्या भोकातून) लॅन पोर्टात घाला. डीएचसीपी म्हणजे घरातल्या प्रत्येक फोनला पत्ता वाटणारा यजमान. एका पंगतीला दोन यजमान असले की पाहुण्यांना कोणी काय वाढलं याचा पत्ता लागत नाही.

बहुतेक लोक इथंच चुकतात. जुन्या राऊटरवर वेगळ्या रंगाचं एक भोक असतं, बाहेरचं इंटरनेट आत घेणारा वॅन पोर्ट, आणि हात आपोआप तिकडे जातो. तिथं तार घातली तर इंटरनेट चालतं, म्हणून चूक कळत नाही. पण घरात एकाऐवजी दोन नेटवर्कं होतात. वरच्या फोनवरून खालच्या टीव्हीवर काही टाकायचं तर टीव्ही दिसतच नाही, आणि प्रिंटर कधी सापडतो, कधी हरवतो. नव्या राऊटरांत अॅक्सेस पॉइंट मोड असं बटण असतं. ते चालू केलं की हा प्रश्न उरत नाही, बहुतेकांत कुठलंही भोक चालतं.

आता तारेची खरी अडचण. ती दिसते. मामांच्या ओळखीचा इलेक्ट्रिशियन आला, मान वर करून भिंती बघितल्या आणि म्हणाला, "भिया, तार तो डल जाएगी, पर दिखेगी." मामींनी तिथंच नकार दिला. दिवाळीला रंग लागलाय, पांढरी केसिंग पट्टी भिंतीवरून चालणार नाही. जुन्या भिंतीत पाइप गाडलेले नसतात आणि दीड फुटी भिंतीला आरपार भोक पाडायचं तर लांब ड्रिल बिट लागतो. शेवटी रस्ता बाहेरून सापडला: मागच्या सांडपाण्याच्या पाइपाला लगटून सरळ गच्चीपर्यंत. त्यासाठी बाहेरची काळ्या आवरणाची तार घ्यावी, साधी राखाडी तार उन्हात दोनेक वर्षांत तडकते. पावसाळ्यात विजा कडाडताना मी दोन्ही टोकं काढून ठेवतो. गच्चीवरच्या तांब्याच्या तारेवर माझा विश्वास नाही.

तार घेताना "शुद्ध तांबं ना?" असं विचाराच. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तारही मिळते. हातात हलकी लागते, वाकवली की तुटते आणि लांब पल्ल्यावर दगा देते. पहिल्यांदा एका दुकानातून तीच आणली होती. मग सिल्व्हर मॉलमध्ये जाऊन तीस मीटर दुसरी आणली.

तरी वर वेग ९४च्या पुढे सरकेना. आधी वाटलं पोर्टच तेवढा. हे खरंही असू शकतं: स्वस्त राऊटरांचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात, तिथं कितीही महाग तार लावा. मामांचा प्लॅन आता ३०० एमबीपीएसचा होता आणि दोन्ही राऊटर गिगाबिटवाले (१००० एमबीपीएसच्या पोर्टांचे) होते, म्हणजे घोळ तारेतच. टोकाचा पारदर्शक जॅक उजेडात धरला. आठ तारा रांगेत: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, आणि शेवटचा तपकिरी जॅकच्या टोकापर्यंत पोचलाच नव्हता. केसभर आखूड. १०० एमबीपीएसला चारांतल्या दोनच जोड्या पुरतात, म्हणून तार जोडलेली दिसत होती आणि चालतही होती. गिगाबिटला चारही लागतात. जॅक कापून पुन्हा क्रिम्प केला, आकडा उडी मारून वर गेला.

हवेतला पूल

तार शक्यच नसेल, भाड्याचं घर असेल, घरमालक भोक पाडू देत नसेल, तर दुसरा राऊटर पहिल्याला हवेतूनच जोडावा लागतो. जुन्या राऊटरच्या सेटिंगमध्ये याची नावं वेगवेगळी सापडतील: डब्ल्यूडीएस, रिपीटर, ब्रिज, रेंज एक्स्टेंडर.

यात एक फरक लक्षात घ्या. डब्ल्यूडीएस ही जुनी पद्धत, तिच्यात दोन्ही राऊटर एकाच चॅनेलवर लागतात आणि दोघांनी एकमेकांची भाषा ओळखावी लागते. ती सगळ्या कंपन्यांची सारखी नाही. दोन वेगळ्या कंपन्यांचे राऊटर डब्ल्यूडीएसनं जुळले तर नशीब समजा, नाही जुळले तर तुमचं काही चुकलं असं नाही. रिपीटर मोड यापेक्षा समजूतदार: मुख्य राऊटरच्या दृष्टीनं तो नुसता आणखी एक फोन असतो, म्हणून कंपनीची अट फारशी आड येत नाही.

किंमत कुठं मोजावी लागते ते बघा. राऊटरचा एक रेडिओ एका वेळी एकतर बोलतो, नाहीतर ऐकतो. रिपीटरला प्रत्येक गोष्ट खालून ऐकायची आणि तीच वर पुन्हा सांगायची, त्याच चॅनेलवर. म्हणून वेग साधारण निम्म्यावर येतो. दोन बँडचा राऊटर असेल तर ५ गिगाहर्ट्झवर खालच्याशी बोलायचं आणि २.४वर फोनशी, असा मार्ग काढता येतो. पण ५ गिगाहर्ट्झ भिंतीत लवकर मरतो, हे विसरून चालत नाही.

वेग निम्मा झाला याचं मला तितकं दुःख नाही. व्हिडिओ मीटिंगला तीन-चार एमबीपीएस पुरतात. दुःख होतं ते हेलकाव्यांचं. लॅपटॉपवरून खालच्या राऊटरला पिंग लावून ठेवा, म्हणजे हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजत राहा, आणि आकडे बघा. तारेवर १-२ मिलिसेकंद, हलत नाहीत. रिपीटरवर आता ४, मग ९, मग अचानक १८०, पुन्हा ५. चेहरा गोठतो तो त्या १८०मुळे.

रिपीटर कुठं ठेवायचा, यात सगळे फसतात. रेंज गच्चीत नाही, म्हणून रिपीटर गच्चीत ठेवतात. तिथं त्यालाच काही ऐकू येत नाही, पण फोनवर फुल्ल दांड्या दिसतात, कारण दांड्या रिपीटरच्या. नेट काही चालत नाही. रिपीटर हवा मधे, जिथं मुख्य राऊटरची रेंज अजून दमदार आहे. फोनवर वायफाय मोजायचं ॲप घ्या: उणे ६५ डीबीएमच्या (सिग्नलचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं दमदार) आसपास असेल तिथं ठेवा, उणे ८० असेल तिथं नाही. मामांकडे ती जागा म्हणजे जिन्याचा मधला टप्पा. मामी ओरडायच्या ते अगदी शास्त्रशुद्ध होतं.

एकाच टेबलापुरतं काम असेल तर आणखी एक युक्ती. जुना राऊटर नुसता ब्रिज करा, त्याचं वायफाय बंद ठेवा आणि लॅपटॉप त्याला छोट्या तारेनं जोडा. आता रेडिओला परत सांगायचं ओझं नाही, निम्मेपणा गेला. राऊटरचे अँटेना लॅपटॉपच्यापेक्षा बरे असतात आणि तो खिडकीत, कपाटावर, जिथं रेंज पकडेल तिथं ठेवता येतो. फोनला याचा उपयोग शून्य, पण कामाच्या लॅपटॉपसाठी मी रिपीटरआधी हेच करून बघेन.

मूळ सॉफ्टवेअरमध्ये यातलं काहीच नसेल तर ओपनडब्ल्यूआरटी हे राऊटरसाठीचं मोफत पर्यायी सॉफ्टवेअर घालता येतं. मॉडेलबरोबर मागच्या स्टिकरवरची आवृत्तीही जुळली पाहिजे, आणि ४ एमबी फ्लॅश, ३२ एमबी रॅमवाल्या जुन्या राऊटरांना आता नवं ओपनडब्ल्यूआरटी मिळत नाही. हौस असेल तरच जावं. सोमवारी मीटिंग असताना रविवारी रात्री तर मुळीच नाही.

मेश, आणि विजेच्या तारा

मेश म्हणजे हाच हवेतला पूल, फक्त सगळे तुकडे एकाच कंपनीचे आणि एकमेकांशी नीट बोलणारे. घरभर एकच नाव, फोनवर बोलत ओसरीतून माडीवर गेलात तर तो बहुतेक वेळा न तुटता दुसऱ्या तुकड्यावर सरकतो. साध्या दोन राऊटरांत फोन हट्टी असतो. वर आलात तरी खालच्याचं मेलेलं सिग्नल धरून बसतो, कारण कुणाला धरायचं हे शेवटी फोनच ठरवतो. मेश त्याला नीट सुचवतो, एवढाच फरक. घरात चारपाच माणसं, सगळी फोन घेऊन फिरणारी, आणि तार अशक्य, तर मेश घ्या. तीन बँडचा घ्या, त्यातला एक तुकड्यांच्या आपसातल्या गप्पांना राखून ठेवता येतो. दोन बँडचा स्वस्त मेश आणि चांगला रिपीटर यांत दीड फुटी भिंतीपुढं मला फार अंतर दिसलं नाही. आणि मेश तारेनं जोडता येत असेल तर तारेनंच जोडा, हे मी सांगितल्याशिवाय राहणार नाही.

जुना राऊटर मेशमध्ये घुसवता येतो का? बहुतेक नाही. ईझीमेश नावाचं सामाईक मानक २०१८मध्ये आलं, पण दोन्ही डब्यांवर ते लिहिलेलं नसेल तर आशा ठेवू नका.

विजेच्या वायरिंगमधून नेट नेणारे पॉवरलाइन ॲडॉप्टरही मिळतात. जुन्या घरात मी त्यांच्या वाटेला जाणार नाही. ओसरी एका फेजवर आणि गच्ची दुसऱ्या फेजवर असली, मधे इन्व्हर्टर असला, तर सगळं बेभरवशी. शिवाय एक्स्टेन्शन बोर्डात ते नीट चालत नाहीत, थेट भिंतीच्या प्लगात लागतात.

कुठलाही रस्ता धरा, दुसरा राऊटर इन्व्हर्टरच्या लाइनवर आहे ना, ते तपासा. मामांकडे खालचा होता, गच्चीतला नव्हता. पहिल्याच आठवड्यात लाइट गेली, खाली नेट चालू आणि वर काळोख. मग गच्चीत बारा व्होल्टचा छोटा बॅटरी-डबा लावला, राऊटरच्या ॲडॉप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपियर बघून.

आता तार पाइपामागून जाते. मामींची अट होती, ती दिसता कामा नये. दिसत नाही. फक्त गच्चीच्या दाराशी चार बोटं उघडी आहे, तिथं त्यांनी मनीप्लँटचा वेल सोडलाय.